गावातल्या दफनभूमीचा इतिहास कसा लिहावा : अलिबाग परिसरातील बेने इस्रायली दफनभूमींच्या आधारे

लहान गावातील एखाद्या समाजाच्या दफनभूमीचा इतिहास लिहायला घेणारा माणूस बहुतेक वेळा सर्वांत जुन्या गोष्टीपासून आरंभ करतो आणि तेथेच अडकतो. अलिबागजवळच्या नवगावचे उदाहरण घ्या. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील मराठी बोलणाऱ्या ज्यू, समाजाची परंपरा सांगते की, पूर्वजांचे गलबत या किनाऱ्यापाशी फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि समुद्राने बाहेर टाकलेली प्रेते नवगावलाच पुरण्यात आली. पुरुषांचा एक उंचवटा आणि स्त्रियांचा एक. ही घटना केव्हाची, यावर अभ्यासकांची मते एकमेकांपासून कित्येक शतके दूर आहेत. ज्याला इतिहास लिहायचा आहे त्याने या कथेपासून सुरुवात केली, तर पुढची सगळी पाने त्या कथेला पुरावे शोधण्यात जातात आणि समोर उभे असलेले, अक्षरे कोरलेले शेकडो दगड न वाचलेले राहतात. म्हणून माझी सूचना अशी की, काम उलट्या दिशेने करावे. सर्वांत अलीकडची कबर आधी पाहावी, जिचे नातेवाईक हयात आहेत, जिची नोंद नगरपालिकेत सहज सापडते. आणि तेथून एकेक पिढी मागे सरकत जावे. गलबत शेवटी येईल, आणि आले तर कथा म्हणूनच येईल.

पुढील मजकुरात उदाहरणे मुख्यतः रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायली दफनभूमींची घेतली आहेत, कारण तेथे मराठी शिलालेख, हिब्रू सन, सातबारा आणि परदेशी गेलेली कुटुंबे या साऱ्यांची गाठ एकाच आवारात पडते. पद्धत मात्र ख्रिस्ती, मुसलमान, लिंगायत अशा कोणत्याही समाजाच्या दफनभूमीला लागू पडेल.

आत जाण्यापूर्वी

परवानगी लेखी घ्यावी. बेने इस्रायलींच्या बाबतीत दफनभूमीची देखभाल बहुधा गावच्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, मंडळाकडे असते, तेव्हा अर्ज त्यांच्याकडे करावा आणि काय करणार, काय करणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहावे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत, तसेच सणांच्या दिवशी, तेथे काम करू नये. शनिवारी तेलघाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना कोकणात ‘शनिवार तेली’ हे नाव पडले, त्यांच्या पूर्वजांच्या कबरींवर शनिवारीच टेप लावणे शोभत नाही. पुरुषांनी डोके झाकावे, बाहेर पडताना हात धुवावेत, आणि कबरीवर ठेवलेले लहान खडे कचरा समजून झटकू नयेत. भेटीला येऊन गेलेल्या माणसाने ते ठेवलेले असतात.

कामाचा हंगाम दिवाळीनंतरचा. पावसाळ्यात गवत कमरेपर्यंत येते आणि दगडांवर शेवाळ चढते. मार्गशीर्ष ते माघ या काळात गवत वाळलेले असते आणि ऊन तिरपे पडते. कोकणातल्या जांभ्याच्या सांदीत फुरसे असू शकते, हे विसरू नये. जाड बूट घालावेत, हातात काठी असावी, आणि न पाहता कोणत्याही दगडाखाली बोटे घालू नयेत.

नकाशा आणि क्रमांक

पहिले दोन दिवस एकही अक्षर वाचू नये, फक्त नकाशा करावा. न हलणारे दोन ठिपके निवडावेत, उदाहरणार्थ फाटकाचा खांब आणि विहिरीचा कठडा, आणि त्यांच्यापासून पाच-पाच मीटरवर सुतळ्या ताणून चौकोन पाडावेत. प्रत्येक कबरीला कागदावर क्रमांक द्यावा. दगडावर तैलरंगाने आकडे घालण्याची सवय काही हौशी मंडळींना असते. ती टाळावी, कारण तो रंग दगडाच्या रंध्रांत शिरतो आणि निघत नाही.

क्रमांक कोठून सुरू करावेत हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तसा नाही. एका गावात मी रस्त्यालगतच्या फाटकापासून क्रमांक दिले, आणि कबरींच्या सनांचा क्रम काही केल्या लागेना. मध्येच जुनी कबर येई, कडेला नवी. तिसऱ्या दिवशी मागच्या भिंतीत जांभ्याने बुजवलेली एक जागा दिसली, जिच्या दोन्ही बाजूंना घडीव खांब होते. जुने फाटक ते होते, आणि दफने तेथून सुरू होऊन रस्त्याच्या बाजूला सरकत आली होती. सगळे क्रमांक पुन्हा द्यावे लागले. तेव्हा आधी कुंपणाला आतून आणि बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घालावी.

प्रत्येक कबरीसाठी एक स्वतंत्र पान ठेवावे. त्यावर क्रमांक, लांबी-रुंदी-उंची, दगडाचा प्रकार, होकायंत्राने पाहिलेली दिशा, लेखाची भाषा आणि आजची अवस्था, एवढे लिहावे. ज्या कबरीवर काहीच कोरलेले नाही तिलाही पूर्ण पान द्यावे. अनघड दगडांच्या चौकटी, नुसते उंचवटे, दोन टोकांना उभे केलेले दोन धोंडे, हे सर्व नोंदवावे. हाताने काढलेल्या जुन्या याद्यांत नेमक्या याच कबरी गळलेल्या असतात, आणि त्यामुळे समाजातील गरीब माणूस मरणानंतर दुसऱ्यांदा नाहीसा होतो. लांबी आवर्जून मोजावी. तीन फुटांच्या आतल्या कबरींची रांग बालमृत्यूंविषयी जे सांगते, ते कोणत्याही लेखात कोरलेले सापडत नाही.

दगड वाचणे

अलिबागच्या परिसरात साधारणपणे तीन प्रकारचे दगड दिसतात. जांभा चौथऱ्यासाठी आणि कुंपणासाठी वापरतात. त्यावर अक्षर टिकत नाही. काळ्या पाषाणावर कोरलेले अक्षर दीर्घकाळ टिकते, पण शेवाळामुळे दिसत नाही. संगमरवरी पाटी दिसायला सुबक असते, परंतु कोकणच्या पावसात तिचा पृष्ठभाग दरवर्षी थोडा थोडा झिजतो आणि उथळ अक्षरे आधी जातात. त्यामुळे वाचनाचा क्रम ठरवताना संगमरवराला अग्रक्रम द्यावा, मग तो कितीही अलीकडचा असो.

दगड साफ करण्यासाठी साधे पाणी, मऊ ब्रश आणि अक्षरांतील माती काढण्यास बांबूची बोथट काडी पुरेशी आहे. तारेचा ब्रश, ॲसिड आणि फरशी पुसण्याची द्रावणे यांना आवारात आणूच नये. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडूची पूड, पीठ किंवा रांगोळी भरण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तोही करू नये, कारण पिठाने बुरशी वाढते आणि पूड भेगांत राहते. त्याऐवजी उजेड तिरपा पाडावा. सकाळी आठच्या सुमारास किंवा मावळतीच्या आधी तासभर छायाचित्र घेतल्यास पुसट अक्षरांच्या कडा आपोआप काळ्या दिसतात. सावलीतल्या कबरीसाठी घरातला मोठा आरसा न्यावा, एकाने उन्हात उभे राहून कवडसा दगडाच्या अंगालगत फिरवावा आणि दुसऱ्याने पाहत राहावे. समोरून कोरा वाटणारा दगड अशा वेळी चार-चार ओळी दाखवतो.

लेख जसा आहे तसा, ओळ तोडून, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसह उतरवावा. गेलेली अक्षरे चौकटी कंसात ठिपक्यांनी दाखवावीत आणि अंदाज खाली वेगळा लिहावा. ‘मयत’ असे कोरले असेल तर ते सुधारून ‘दिवंगत’ करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हिब्रू मजकूर न वाचता येणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही, कारण त्यातील बराचसा भाग ठरलेला असतो. दगडाच्या माथ्यावर ‘पे’ आणि ‘नून’ ही दोन अक्षरे असतील, तर त्यांचा अर्थ ‘येथे पुरले आहे’ असा असतो. तळाशी ताव, नून, सादे, बेत, हे अशी पाच अक्षरे असतील, तर ती ‘त्याचा आत्मा जीवनाच्या बंधनात बांधलेला राहो’ या आशयाच्या वचनाची आद्याक्षरे होत. खरी मेहनत सनाला लागते. हिब्रूत अक्षरांनाच अंकांचे मोल असल्यामुळे सन अक्षरांत कोरतात, आणि पाच हजारांचा आकडा बहुधा गृहीत धरून सोडून देतात. उरलेल्या आकड्यात १२४० मिळवले की इसवी सन येते, असा सोपा नियम सांगितला जातो. तो अर्धाच खरा आहे.

समजा, एका कबरीवर ताव, रेश, ऐन, तेत ही अक्षरे आहेत. त्यांची मोले अनुक्रमे ४००, २००, ७० आणि ९. बेरीज ६७९, म्हणजे हिब्रू सन ५६७९. त्यात १२४० मिळवले तर १९१९ येते, आणि घाईत आपण तेच लिहून मोकळे होतो. पण लेखात महिना हेश्वान असेल, तर हिशेब चुकला. हिब्रू वर्ष तिश्री महिन्यात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, सुरू होते. त्यामुळे तिश्री, हेश्वान आणि किस्लेव या आरंभीच्या महिन्यांसाठी १२३९ मिळवावे लागतात. ५६७९ चा हेश्वान ऑक्टोबर १९१८ मध्ये सुरू झाला, आणि मुंबई इलाख्यात इन्फ्लुएन्झाच्या साथीने सर्वाधिक बळी घेतले ते त्याच दिवसांत. एका आकड्याच्या चुकीने तो माणूस साथीतून बाहेर काढून पुढच्या वर्षात नेऊन ठेवला जातो. तेवेत महिना डिसेंबर आणि जानेवारीच्या सांध्यावर येत असल्यामुळे तेथे तारीख कोष्टकात पाहूनच ठरवावी. शिवाय हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. रात्री मृत्यू झालेल्या माणसाच्या हिब्रू आणि इंग्रजी तारखांत एका दिवसाचा फरक दिसला, तर तो कोरणाऱ्याची चूक मानू नये. मराठी लेखात शके असल्यास ७८ मिळवावेत, आणि मृत्यू जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतचा असल्यास ७९.

नावांचाही एक खोडा आहे. एकाच माणसाचे नाव हिब्रूत शमुएल, इंग्रजीत सॅम्युएल आणि घरात सामाजी असू शकते. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे समाजात सामाजी हसाजी म्हणून ओळखले जात. त्याच रीतीने इसाजी म्हणजे आयझॅक आणि मुसाजी म्हणजे मोझेस. एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नावांचे जुळवणीपत्रक आरंभापासूनच ठेवावे. आडनावे मात्र मदतीला येतात : किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. अलिबागच्या दफनभूमीत रोहेकर सापडला, तर ते कुटुंब कधी आणि का स्थलांतरित झाले, हा पुढच्या शोधाचा धागा ठरतो. सुभेदार, जमादार, हवालदार असे हुद्दे दिसल्यास तेही टिपावेत. बेने इस्रायलींनी मुंबई लष्करात पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर गावी परतलेल्या शिपायाची पलटण कळली की, त्याचे पुढचे कागद शोधता येतात.

लेख हिब्रूत आहे म्हणून कबर फार प्राचीन, असे समजणे हा नेहमीचा गोंधळ. या समाजात हिब्रूचे शिक्षण एकोणिसाव्या शतकात नव्याने रुजले. मुंबईत आलेले मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले ते १८३२ मध्ये. अलिबाग भागात हिब्रू लेख असलेली कबर त्याआधीची असल्याचे कोणी सांगितले, तर मी दगड दोनदा पाहीन. जुन्या कबरी शोधायच्या त्या अक्षरांवरून नव्हे, त्या बिनअक्षरी चौकटींत.

कागद

दगडांची यादी पुरी झाल्यावरच कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्यात, कारण काय विचारायचे हे तोवर कळत नाही. आधी तलाठ्याकडून सातबारा आणि त्यावर उल्लेखिलेले सर्व फेरफार घ्यावेत. जागा गावठाणात असल्यास सातबारा नसतो, तेथे नगर भूमापनाची मिळकत पत्रिका मागावी. दफनभूमी दुसऱ्याच्या शेतजमिनीत सामावलेली असेल, तर ‘पोटखराबा वर्ग ब’ या नोंदीकडे लक्ष द्यावे; दफनासाठी वा दहनासाठी वापरात असलेली, आकारणी न झालेली जमीन त्या वर्गात दाखवतात, आणि मालकाच्या नावाखाली दडलेला हा छोटा आकडा पुष्कळदा दफनभूमीचा पहिला सरकारी उल्लेख ठरतो. त्याच्या मागे जायचे तर भूमी अभिलेख कार्यालयात आकारबंद, टिपण आणि कडईपत्रक हे आकारणीचे व मोजणीचे जुने कागद मागावेत. सर्व्हे नंबर बदलून गट नंबर झाले असल्यास दोन्हींचे जुळवणी कोष्टक आधी मिळवावे. नाहीतर आपण महिनाभर शेजारच्या वाडीचा इतिहास वाचत बसतो.

शोध एकाच शब्दाने करू नये. कागदांत ही जागा ‘कबरस्थान’, ‘दफनभूमी’, ‘ज्यू स्मशानभूमी’, ‘इस्रायल लोकांची स्मशानभूमी’ अशा निरनिराळ्या नावांनी येऊ शकते. बेने इस्रायली पूर्वी आपल्या सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत, त्यामुळे जुन्या कागदात ‘इस्रायल लोकांची मशीद’ असे वाचून लेखनिकाची चूक झाली असे समजू नये. कुलाब्याचे आंग्रे संस्थान कंपनी सरकारकडे जाण्याआधीचे कागद मोडी लिपीत आहेत. मोडी वाचणाऱ्याला केवळ झेरॉक्स न पाठवता सोबत गावांची आणि आडनावांची यादी दिल्यास त्याचे काम निम्म्याने हलके होते.

विश्वस्त मंडळ १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेले असेल, तर धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट एकचा उतारा आणि विश्वस्त बदलाचे अर्ज यांतून मालमत्तेची सीमा आणि मंडळाची नावे मिळतात. सिनेगॉगांची वर्षेही उपयोगी पडतात : रेवदंड्याचे १८४२, अलिबागचे १८४८, पनवेलचे १८४९, पेणचे १८६३. दफनभूमी बहुधा प्रार्थनास्थळाच्या आधीची असते, कारण प्रार्थना घरातही होते आणि मृत्यू वाट पाहत नाही. पण ही अटकळ आहे, आणि प्रत्येक गावापुरती ती दगडांवर पडताळावी लागेल. कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटियर अवश्य पाहावे, मात्र त्यातील समाजवर्णन हे इंग्रज अधिकाऱ्यांच्या चौकशीतून उतरलेले आहे, याचे भान ठेवून. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहिला, पण तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्यातील ‘आज’ हा शब्द कोणत्या वर्षाचा हे वाचताना लक्षात असू द्यावे.

माणसे

१९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. म्हणजे तुमच्या दफनभूमीविषयी सर्वांत अधिक माहिती असलेली आजी अलिबागच्या इस्रायल आळीत नसून दिमोना, अश्दोद, लोद किंवा बेर शेवा येथे असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ती अजूनही मराठी बोलते. व्हिडिओ कॉलवर “तुमच्या आठवणी सांगा” असे विचारल्यास ठरीव उत्तरे मिळतात. त्याऐवजी एकेका कबरीचे छायाचित्र दाखवून विचारावे : “मावशी, ही चार नंबरची रांग. इथे कोण कोण आहे?” मग बिनअक्षरी कबरींना नावे मिळू लागतात, पाणी कोण आणायचे, वर्षश्राद्धाला मलीदा कोणाच्या घरी व्हायचा, हेही ओघाने येते. सांगणारीचे म्हणणे तिच्याच शब्दांत उतरवावे आणि दगडाशी जुळले नाही तर दोन्ही ठेवावे. गावात राहिलेल्या शेजाऱ्यांनाही विचारावे. खड्डा खणणारे, कुंपण बांधणारा गवंडी, गुरे राखणारा, यांना जागेच्या सीमा कागदापेक्षा पक्क्या माहीत असतात.

हयात नातेवाइकांची नावे, पत्ते आणि अलीकडच्या मृत्यूंची कारणे छापू नयेत. याला अपवाद नाही.

लिहिताना

आता मृत्यूंच्या सनांची दशकवार मांडणी करावी. जेथे आकडा एकदम उसळतो तेथे थांबून कारण शोधावे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लाखो माणसांनी शहर सोडून गाव गाठले; त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मुंबईत नोकरी असलेल्यांची दफने गावी वाढलेली दिसतात का, हे तपासण्यासारखे आहे. १९१८ विषयी वर लिहिलेच आहे. १९५० नंतर आकडा घसरत जातो तो मृत्यू थांबले म्हणून नव्हे, तर माणसे गेली म्हणून. हे वाक्य लिहावेच लागते, नाहीतर तक्ता वाचणाऱ्याचा गैरसमज होतो.

प्रत्येक विधानाचा आधार वाक्यातच दिसावा. ‘दगडावर असे आहे’, ‘फेरफारात असे आहे’, ‘समाजात असे सांगतात’ ही तीन वाक्ये एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. ‘प्राचीन काळापासून’ हे शब्द हस्तलिखितात कोठेही आले, तर त्यांवर काट मारून तेथे एक सन घालून पाहावा. सन घालता आला नाही, तर ते वाक्य तिसऱ्या प्रकारचे आहे. नवगावचे गलबत या तिसऱ्या प्रकारात येते. त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही, कारण एखादा समाज दोन उंचवट्यांना आपला आरंभ मानतो, तेथे स्मारक उभारतो आणि परदेशातून येऊनही आधी तेथेच जातो, ही स्वतः इतिहासातील घटना आहे आणि तिला दाखलेही मिळतात.

काम संपल्यावर नकाशा व यादीची एक प्रत मंडळाला, एक गावच्या वाचनालयाला आणि एक परदेशातील कुटुंबांपैकी कोणाला तरी द्यावी. छापील प्रत द्यावी. पेन ड्राइव्ह हरवतात. आणि यादी बांधून घेताना शेवटी दहा-बारा कोरी पाने घालावीत, कारण अजून गावात राहिलेल्या कुटुंबांना तिची गरज पडणार आहे.